रविवारचा श्वास

माझ्या पोरीच्या तोंडाला वास येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी नाक मुरडायला नको. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना येतो ना, तसा उग्र वास. दात घासून, बडीशेप चघळून, वेलदोडे खाऊन जात नाही, कारण तो तोंडाचा नाहीच, रक्ताचा आहे.

प्रांजलच्या दोन्ही किडन्या जन्मापासून कच्च्या. दहाव्या वर्षी पार बसल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते बारा डायलिसिस. किडनी जो युरिया बाहेर टाकते तो हिच्या रक्तात साठतो, रक्तातून लाळेत उतरतो आणि लाळेतले जंतू त्याचा अमोनिया करतात. डॉक्टरांनी मला हे चित्र काढून समजावलं होतं. शाळेतल्या पोरींना कुणी चित्र काढून दाखवलं नाही. सहावीपासून ती बाकावर एकटीच बसते. एका पोरीच्या आईनं तर पालकसभेत सगळ्यांदेखत सांगितलं की आमच्या मुलीला दुसरीकडे बसवा, तिला जेवण जात नाही. मी तिथं होते. मी काही बोलले नाही, ते अजून सलतं.

मी अर्चना गवळी, लातूरच्या शहर बसवर कंडक्टर. तिकिटं आता दारातलं मशीन काढतं, म्हातारी माणसं आणि भांडणं तेवढी माझ्या वाट्याला आहेत. नवरा बालाजी, गॅरेजात गाड्यांच्या बॅटऱ्या बदलतो. प्रांजल एकुलती एक, दहावीला.

आता नाक्याबद्दल. कागदावर त्याचं नाव श्वासमापक, पण पोरांनी पहिल्याच आठवड्यात नाक्या करून टाकलं. आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मामाचं लग्न आलं की पोराला टायफॉईड होतो. गावची जत्रा असली की अर्ध्या वर्गाला ताप. ओळखीचा डॉक्टर मान वर न करता विचारतो, किती दिवसांचं देऊ? मी स्वतः भावाच्या लग्नाला पाच दिवसांची कावीळ घेतली होती आणि हळदीला नाचले होते. मग वरून ठरलं की कागद बंद. माणूस खोटं बोलतो, डॉक्टर खोटं लिहितो, श्वास खोटं बोलत नाही.

त्यात तथ्य होतं. आपण सोडतो त्या हवेत शेकडो वायू असतात, कुठे अमोनिया, कुठे ॲसिटोन, प्रत्येक आजाराची आपली भेसळ. नाक्यात नखाएवढ्या चकत्यांवर वेगवेगळे लेप असतात. प्रत्येक लेपाला वेगळा वायू चिकटतो आणि त्या सगळ्यांची मिळून एक नक्षी उठते. लाखो आजारी माणसांच्या नक्ष्या त्याला आधीच शिकवलेल्या. पोर आजारी असेल तर शाळेतून मिळालेल्या चंदेरी पिशवीत त्यानं फुंकायचं, पालकानं सकाळी ती पिशवी फाटकावरच्या नाक्याला लावायची. दहा सेकंदांत आकडा. सत्तरच्या वर असला तर गैरहजेरी मान्य, तो दिवस हिशोबातून वजा. खाली असला तर दांडी. आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर दहावीचा फॉर्म पुढे सरकत नाही, तेही मशीनच बघतं.

खरं सांगते, मी नाक्याच्या पाया पडायला तयार होते. त्याआधी दर वेळी दवाखान्याचं पत्र, त्यावर शिक्का, तो शिक्का पुसट असला की परत हेलपाटा. वर्गशिक्षिका स्वामीबाई वाईट नव्हत्या, पण पत्र घेताना 'आजही?' म्हणायच्या आणि माझा जीव कानकोंडा व्हायचा. आता सकाळी ड्युटीवर जाताना पिशवी लावली की हिरवा दिवा. प्रांजलचा आकडा चौऱ्याण्णव. ती म्हणायची, आई, गणितात तरी कधी आले का गं इतके?

एकच खोट होती. डायलिसिस झालं की रक्त धुतलं जातं आणि वास जातो. दुसऱ्या दिवशी पोरीला उठवत नाही, बीपी खाली, पाय लटपटतात, पण श्वास स्वच्छ. मंगळवारी एकदा पिशवी लावली तर आकडा आला नऊ. म्हणजे आजारी ती उपचाराच्या आधी, उपचारानंतर दांडीबहाद्दर. मी मंगळवारी तिला धरून धरून वर्गात सोडायला लागले.

आता माझी घाण सांगते. आमच्या डेपोतही नाक्या बसला होता. ऑगस्टमध्ये किडनीच्या यादीत नाव घालायला आणि माझी किडनी जुळते का बघायला पुण्याला दोन दिवस जायचं होतं. माझी रजा संपलेली. आदल्या सकाळी प्रांजल डायलिसिसला निघण्याआधी पिशवी भरत होती, मी म्हटलं, आणखी एक भर. ती हसली आणि म्हणाली, घे की, माझ्याकडे भरपूर आहे. पिशवी हवाबंद, आठवडाभर टिकते. मी ती माझ्या नावावर डेपोत लावली. आकडा ब्याण्णव, दोन दिवसांची रजा मंजूर. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. गवळीबाई, अशा अवस्थेत कामावर येत होता? त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी ते प्याले. पुण्यात माझी किडनी जुळली नाही.

गणपती झाले आणि आमच्या घरी पोरी यायला लागल्या.

पहिल्यांदा ईशा आली, वर्गातली हुशार पोरगी. मग तिच्या मैत्रिणी, मग दोन-तीन पोरं. दर रविवारी. मला रविवारी ड्युटी असते, मी संध्याकाळी यायचे तेव्हा कपबशा सिंकमध्ये आणि प्रांजल खुशीत. ईशा असं म्हणाली, ईशानं तसं केलं. पाच वर्षांत त्या पोरीच्या तोंडून मी मैत्रिणीचं नाव ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, आनंदानं. बाजारातून चांगली बिस्किटं आणून ठेवायला लागले.

नणंदही यायला लागल्या. जयश्रीताई, बालाजींची थोरली बहीण. आमच्या घरी आल्या की नाकाला रुमाल लावून दारातच बसायच्या, आणि चहा नको म्हणायच्या. त्या आता तुपाचा डबा घेऊन यायच्या, प्रांजलच्या पाठीवरून हात फिरवायच्या. त्यांचा शौर्य बारावीला. दिवसभर क्लासला असतो, कॉलेज नुसतं नावाला. मी मनात म्हटलं, वय झालं की माणूस निवळतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी चार्जिंगची लाईन गेली, विजेवरच्या गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, मी दुपारी बारालाच घरी आले.

दार उघडं होतं. बैठकीत बालाजी टीव्ही बघत होते, मला बघून ताडकन उठले. आतल्या खोलीत कॉटच्या कडेला प्रांजल बसलेली. समोर रांग, आठ-नऊ जणांची, प्रत्येकाच्या हातात चंदेरी पिशवी. ती एक पिशवी तोंडाला लावायची, फुंकायची, द्यायची, पुढची घ्यायची. पिशवी धरणारा पोरगा मान वळवून, नाक दाबून उभा. ईशानं ओढणीला अत्तर लावलं होतं आणि ती ओढणी नाकावर धरून पिशव्यांवर नावं लिहीत होती. पोरीचे ओठ पांढरे पडलेले. आणि खुर्चीत बसून जयश्रीताई एक पिशवी बोटानं दाबून बघत होत्या. भाजीवालीकडे वांगी दाबून बघतात तशी.

"ही सैल वाटते गं बाळा," त्या म्हणाल्या. "अजून एक फुंकर मार. रविवारचं कडक असतं, शौर्यला आठवडाभर पुरेल."

मी मोरीत जाऊन ओकले. खरंच ओकले, बोलण्यासाठी बोलत नाही. त्यांना हेही कळलं होतं की शुक्रवारनंतर डायलिसिस थेट सोमवारी असतं, रविवारी विष सगळ्यात जास्त साठतं. माझी पोर ज्या दिवशी सगळ्यात जास्त सडत होती तो यांचा बाजाराचा दिवस. क्लास बुडू नये म्हणून शाळा बुडवायची, त्यासाठी आजार हवा, आणि आजार आमच्या घरी तयार होता. पाच वर्षं ज्या वासाला नाकं दाबली तोच वास घरी न्यायला आले होते, तोही नाक दाबूनच.

बाहेर येऊन मी पिशव्या ओढून घेतल्या, फाडल्या, पोरांना हाकललं. ताईंना म्हटलं, उठा. त्या म्हणाल्या की एवढं काय झालं, हवाच तर आहे, सोडूनच देते ना ती. बालाजी मागून तेच म्हणाले, हवाच तर आहे. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं, दर रविवारी दार हेच उघडत होते. मी त्यांना जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

मला वाटलं प्रांजल माझ्या कुशीत येईल. ती भिंतीकडे सरकली.

"तूही नेलीस ना, आई? तेच मी ईशाला सांगितलं. मग ती म्हणाली, मलाही देशील?" तिनं फाटलेली एक पिशवी उचलली. "आता कोण येणार माझ्याकडे?"

मी कॉटवर बसले. सुरुवात माझ्यापासून झाली होती.

डिसेंबरात नाक्याची नवी आवृत्ती आली. आधी तो फक्त आजार बघायचा, आता एका पिशवीची नक्षी दुसरीशी ताडून बघायला लागला, मागचं साठवलेलंसुद्धा. शहरातल्या शाळा-कॉलेजांत बेचाळीस पोरांचा श्वास हुबेहूब एक निघाला. खरी त्यातली एकच. पण बेचाळीसमधली अस्सल कोणती हे मशीनला कळत नव्हतं, म्हणून त्यानं ती नक्षीच अग्राह्य ठरवली. ती नक्षी जिथं दिसेल तिथं लाल दिवा. बाकीच्या पोरांचं काही अडलं नाही, ती गुपचूप शाळेत येऊ लागली आणि त्यांची हजेरी भरून निघत होती. प्रांजलला तर दुसरा श्वासच नव्हता. जूनपासूनचे त्र्याहत्तर मान्य दिवस एका सकाळी दांडी झाले. हजेरी चौऱ्याऐंशीवरून सत्तेचाळीसवर आली. फॉर्म जायची शेवटची तारीख वीस डिसेंबर, संध्याकाळी पाच. दहा दिवस हातात होते.

मी तिला घेऊन फाटकावर गेले. सोमवारची सकाळ, डायलिसिसच्या आधी. मुख्याध्यापक देशमाने सरांसमोर तिनं थेट नाक्यात फुंकलं. लाल दिवा, अग्राह्य नमुना. मी म्हटलं, सर, पोर तुमच्यासमोर उभी आहे, डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला बघा, सुयांच्या खुणा बघा. ते म्हणाले, दिसतंय हो बाई, मला डोळ्यांनी दिसतंय, पण डोळ्यांचा रकाना नाही. दवाखान्याचे पाच वर्षांचे रिपोर्ट मी टेबलावर आपटले. कागद बंद झालेत, ते म्हणाले.

वाट एकच होती. ज्यांनी पिशवी वापरली त्यांच्यापैकी एकानं जबाब द्यायचा की तो श्वास माझा नव्हता, प्रांजल गवळीचा होता. एक जबाब पुरे, नक्षीची मालकी ठरते आणि पोरीचे दिवस परत मिळतात. मात्र जबाब देणारा विद्यार्थी असेल तर वर्षभर परीक्षाबंदी, नोकरदार असेल तर घरी.

मी दारोदार फिरले. अशी माणसं मी कधी बघितली नाहीत. सगळीकडे चहा मिळाला. सगळीकडे प्रांजलची चौकशी, बिचारी, देव बरं करो. आणि सही म्हटलं की चेहरे सपाट. आमच्या मुलानं तर कधी नेलीच नाही हो. एकानं सांगितलं की त्याच्या पोराला खरंच किडनीचा त्रास होता, आता बरा झाला. ईशाच्या आईनं दार अर्धंच उघडलं. तिच्यामागे ईशा उभी होती, माझ्याकडे बघून खाली बघू लागली. आई म्हणाली, तिला डॉक्टर व्हायचंय, एक वर्ष गेलं तर कसं होणार? माझी पोर जगली तर दहावी होईल, ती म्हणे डॉक्टर होणार. मला त्या दारात थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, गिळलं.

ताईंकडे बालाजींना पाठवलं. तासाभरानं खाली मान घालून आले. ताई रडल्या म्हणे, यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या की भाच्याचं आयुष्य तुझ्या हातात आहे. मी विचारलं, आणि मुलीचं? ते हात धुऊन ताटावर बसले. त्या माणसाचा मला राग येत नव्हता, शिसारी येत होती. ताटात वाढलेलं तो मुकाट जेवत होता, ते बघवत नव्हतं.

पण ही सगळी शिसारी घेऊन मी फिरत होते ते कशासाठी? एकाचा जबाब पुरे होता आणि पिशवी वापरणारी एक बाई रोज माझ्या आरशात होती. दहा दिवस मी दुसऱ्यांची दारं वाजवत फिरले, कारण मला माझी नोकरी सोडायची नव्हती. घरात पक्का पगार माझाच. डायलिसिस त्या नोकरीच्या विम्यावर चालत नव्हतं, सरकारी योजनेतून होतं, एवढाच काय तो आधार. मी स्वतःला शंभर कारणं देत होते आणि ईशाच्या आईला एकही देऊ देत नव्हते.

वीस तारखेला दुपारी साडेचारला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. स्वामीबाई तिथंच होत्या. मी सांगितलं, जबाब घ्या, ऑगस्टमध्ये पुण्याला जाताना डेपोत मी लावलेला श्वास माझा नव्हता. सर खुर्चीत हलले. त्यांनी टाईप केलं, मला वाचून दाखवलं. मग चष्मा काढून पुसत बसले. पावणेपाच झाले.

"गवळीबाई, एक ओळ वाढवू या. बाकीच्यांना पिशव्या तुम्हीच दिल्या, त्यात काय आहे ते मुलांना माहीत नव्हतं, एवढंच. शाळेच्या समितीतले काही पालक आहेत त्यात. म्हणजे मला लगेच पुढे पाठवता येईल."

स्वामीबाई म्हणाल्या, सर, हे बरोबर नाही. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांचा अंगठा पाठवायच्या खुणेवर होता आणि तो हलत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. स्वच्छ कापलेलं नख, वर कुंकवाचा डाग, सकाळी पूजा केली असणार. मला वाटलं, हात धुवायला हवेत, मी याला हात लावलेला नसला तरी.

"लिहा," मी म्हटलं.

मग मला नाक्यात फुंकावं लागलं, मी वेगळी आहे हे ठरायला. आकडा तीन. ठणठणीत. पडद्यावर प्रांजलचे दिवस लालचे हिरवे होत गेले, जूनपासून एकेक. हजेरी चौऱ्याऐंशी. चार वाजून छप्पन मिनिटांनी फॉर्म गेला. स्वामीबाईंनी माझा हात धरला, मी सोडवून घेतला. त्या क्षणी मला कुणाचाच हात नको होता.

आठ दिवसांत डेपोतून पत्र आलं. फसवणूक आणि आजारी बालकाच्या श्वासाचं वाटप, बडतर्फ. मॅनेजरनं यावेळी खुर्ची दिली नाही. गल्लीत कळलंच. ज्यांनी मला चहा पाजला होता त्याच बायका नळावर एकमेकींना सांगत होत्या की काय बाई आई तरी, पोटच्या पोरीला विकते. बेचाळीसमधले एक्केचाळीस निर्दोष. शौर्यच्या कॉलेजातही त्याची हजेरी मान्य झाली. ताईंनी पेढ्यांचा पुडा पाठवला, बालाजी तो हातात घेऊन दारात उभे राहिले. मी म्हटलं, आत आणलात तर तुम्हीही बाहेरच राहायचं. त्यांनी पुडा कुणाच्या तरी स्कूटरवर ठेवला आणि आत आले. तेवढं तरी केलं.

आता मी दिवसभर घरी असते, शिवणाची कामं घेते. प्रांजलला डायलिसिसला मीच नेते. तिच्या खुर्चीशेजारी बसून मी प्रश्न विचारते, ती उत्तरं देते. भूमिती चांगली आहे तिची.

परवा शुक्रवारी सुया लागलेल्या असताना तिचा फोन वाजला. ईशाचा मेसेज होता. नाक्यानं आता नक्षी प्रांजलच्या नावावर लावली होती, पण कुणीतरी शोधून काढलं होतं की दुसऱ्या कुणाच्या श्वासात ती थोडी मिसळली तर ओळखू येत नाही. कशी आहेस, बरेच दिवसांत भेट नाही, आणि शेवटी, फक्त एकच देशील का गं, प्रिलिमच्या आधी क्लासची टेस्ट आहे.

प्रांजलनं फोन माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काय करते ते तिला बघायचं होतं. मी फोन परत तिच्या मोकळ्या हातात दिला. तिनं एका अंगठ्यानं बराच वेळ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग मला दाखवलं. 'रविवारी ये. पिशवी न घेता ये.'

रविवारी तिनं सकाळी केस धुतले, नवा कुर्ता घातला, दार उघडं टाकून समोरच पुस्तक घेऊन बसली. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायची. आमच्या जिन्यात रविवारी वर्दळ फार असते. मी मशीनवर बसून होते, पण दोरा ओवायचाही राहिला.

संध्याकाळी सहाला तीच उठली आणि तिनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, आई, प्रमेय विचार.